'रोनिन'ला मराठीत काय म्हणावं?

जपानी सामुराईपटांनी हॉलिवूडला काय दिलं यावरचा एक इंग्रजी लेख तुम्ही मराठीत आणताय आणि मला विचारलंय: त्यात पानोपानी येणाऱ्या 'रोनिन'साठी 'भटका योद्धा' चालेल का, मन मानत नाही. शिवाय दोन शंका: 'योजिंबो' म्हणजे अंगरक्षक का, आणि 'स्टार वॉर्स'मधल्या योद्ध्यांचा 'जेडाय' हा शब्द खरंच जपानी आहे का?

'भटका योद्धा' नको, असं माझं स्पष्ट मत आहे. रोनिन भटकतो हे खरं, पण भटकणं त्याच्या वाट्याला नंतर येतं. त्याचं मूळ दुखणं निराळं आहे, आणि ते कळायला आधी 'सामुराई' शब्दाकडे जावं लागतं.

सामुराई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तलवार येते. शब्दात मात्र तलवार कुठेच नाही. 'साबुराउ' या जुन्या जपानी क्रियापदापासून तो आलाय आणि त्या क्रियापदाचा अर्थ थोरामोठ्यांच्या समोर हजर राहणं, सेवेत तिष्ठणं. आता हे मराठीत शोधा. अरबी 'हुजूर' म्हणजे समक्ष असणं, आणि धन्यासमोर सदा हजर असतो तो हुजऱ्या. व्युत्पत्तीपुरतं बोलायचं तर सामुराई हा चक्क हुजऱ्या आहे! दोन्ही शब्द एकाच उंबरठ्यावरून निघाले आणि किती वेगळ्या गावांना पोचले. तिकडे सेवेत तिष्ठणाऱ्याच्या हाती शस्त्र आलं आणि पुढे तोच राज्य चालवणारा वर्ग झाला. आपल्याकडे 'हुजुरात' या शब्दाने थोडी तशी वाट धरली होती. पेशव्यांची खाशी फौज ती हुजुरात, आणि पुण्यातल्या हुजूरपागेच्या नावात तोच हुजूर आहे. हुजऱ्याचं मात्र हुजरेगिरीत मातेरं झालं. म्हणून सामुराईला हुजऱ्या म्हणा असं मी अर्थातच सुचवत नाही. पण अनुवाद करताना मनात एवढं धरून ठेवा, की सामुराई हा कुणाचा तरी माणूस असतो. कुणाचा, हे ठरलेलं असतं.

ते 'कुणाचा' गेलं की उरतो तो रोनिन.

हा शब्द दोन चिन्हांनी लिहितात: पहिलं लाटेचं, दुसरं माणसाचं. लाटेवर वाहत चाललेला माणूस. फार पूर्वी, जिथे नाव नोंदलेलं आहे ते गाव आणि शेत सोडून परागंदा झालेल्या लोकांना हा शब्द लावत. पुढे तो धनी गमावून बसलेल्या सामुराईला चिकटला. धनी लढाईत मेला, किंवा शोगुनाने, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याने, त्याची जहागीर खालसा केली, की त्याच्या पदरची सगळी माणसं एका दिवसात रोनिन. १६०० सालची सेकिगाहाराची लढाई, १६१४-१५ चा ओसाकाचा वेढा आणि तोकुगावा राजवटीचा जहागिरी खालसा करण्याचा सपाटा, यांमुळे असे लोक हजारोंनी रस्त्यावर आले. नवा धनी मिळणं दुरापास्त झालं, कारण लढायाच थांबल्या होत्या.

म्हणजे काय झालं असेल, हे पाहायचं तर मासाकी कोबायाशींचा १९६२ चा 'हाराकिरी' पाहा. (मूळ जपानी नाव 'सेप्पुकू'. चिन्हं तीच, फक्त उलट क्रमाने. आपल्या वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर फलंदाज बेजबाबदारपणे बाद झाले की 'हाराकिरी' छापतात. हा चित्रपट पाहिल्यापासून तो शब्द तिथे वाचवत नाही.) त्यात एक तरुण रोनिन एका मोठ्या घराण्याच्या दाराशी येतो आणि तुमच्या अंगणात मला पोट फाडून मरू द्या, अशी विनंती करतो. आशा ही, की दया येऊन चार पैसे तरी हातावर ठेवतील. ते लोक त्याला खरोखरच मरायला लावतात. त्याच्या म्यानातली पाती बघतात तर ती बांबूची. आजारी बायकामुलासाठी खरी पाती त्याने केव्हाच विकलेली. त्याच बांबूच्या पात्याने त्याला पोट चिरायला लावतात. अशा खोट्या पात्याला जपानीत वेगळा शब्दच आहे, 'ताकेमित्सू'. भुकेपायी तलवार विकून म्यानात बांबू घालणारी माणसं थोडीथोडकी असती, तर त्या बांबूला स्वतःचं नाव मिळालं नसतं. 'भटका योद्धा' या शब्दांत तो बांबू कुठे आहे? त्यात उलट एक मोकळेपणा आहे, हिंडण्याची मौज आहे.

मग मराठीत काय? 'भाडोत्री' तर मुळीच नको. भाडोत्री माणूस लढण्याचं कसब विकायलाच निघालेला असतो, रोनिन ते न विकता उपाशीही मरतो. 'शिलेदार' मनात येतो, पण शिलेदाराचं घोडं आणि हत्यार स्वतःचं. एका सरदाराची चाकरी सुटली तर तो दुसऱ्याकडे जाई आणि त्यात नाक कापलं जात नसे. 'बेकार' हा शब्द अक्षरार्थाने जवळ आहे, कारण 'कार' म्हणजे काम, पण आज त्याला वेगळाच वास आहे. अक्षरशः जुळणारा शब्द एकच आहे आणि तो वापरता येत नाही याची मला हळहळ वाटते: 'अनाथ'. नाथ म्हणजे धनी, पालनकर्ता. विठोबाला आपण अनाथांचा नाथ म्हणतो तेव्हा फक्त आईबाप नसलेली मुलं अभिप्रेत नसतात. पण व्यवहारात हा शब्द अनाथाश्रमापुरता आक्रसलाय. 'सात अनाथ गाव वाचवायला निघाले' असं लिहिलं तर वाचक भलतंच समजेल.

'निर्धनी' करून पाहिलं, तर वाचणारा 'निर्धन' वाचणार. (रोनिन तोही असे, ही गोष्ट अलाहिदा. 'धनी' या एकाच शब्दात मालक आणि पैसेवाला दोघं नांदतात, ही आपल्या भाषेने केलेली फार मार्मिक नोंद आहे.) माझी पसंती 'बिनधन्याचा' या शब्दाला आहे. बिनबुडाचा, बिनकामाचा, तसा बिनधन्याचा. घडण अस्सल मराठी, आणि जे नाही त्यावरच बोट. लेखात पहिल्यांदा 'रोनिन, म्हणजे बिनधन्याचा सामुराई' असं लिहा आणि पुढे नुसतं 'रोनिन' ठेवा.

तुमच्या लेखाच्या विषयासाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे, कारण समुद्र ओलांडताना नेमकी हीच गोष्ट गळून पडली. अकिरा कुरोसावांचा १९५४ चा 'सेव्हन सामुराई' घ्या. लुटारूंनी गांजलेलं गाव रक्षणासाठी सामुराई शोधायला निघतं. देणार काय? पोटभर भात. गावकरी स्वतः भगरीच्या जातीचं हलकं धान्य खातात आणि तांदूळ या पाहुण्यांसाठी राखतात. गावातला म्हातारा सांगतो, भुकेले सामुराई शोधा. ज्याला धनी आहे तो भुकेला नसतो, तेव्हा म्हाताऱ्याने न उच्चारलेला शब्द रोनिन हाच आहे. सातवा, किकुचियो, तर जन्माने सामुराईच नाही, शेतकऱ्याचा पोर. सामुराई असल्याचा पुरावा म्हणून तो एक वंशावळ नाचवतो. सातांचा म्होरक्या कांबेई ती वाचून हिशेब मांडतो, तर या दाढीवाल्या बाप्याचं वय निघतं तेरा वर्षं! सगळे हसतात, पण मला त्या हसण्यापेक्षा ते भेंडोळं फडकवणारा, किकुचियो झालेल्या तोशिरो मिफुनेचा हात लक्षात राहिलाय. कुणाचा तरी असण्याची इतकी भूक.

जॉन स्टर्जेसने १९६० मध्ये यावरून 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला. नावातला सामुराई गेला आणि आले बंदूकबाज. चित्रपट म्हणून तो मला आवडतो, त्या बंदूकबाजांचीही कामं संपत चाललेली आहेत, शेवटी जिंकले ते शेतकरी आणि हरलो आपण, हे वाक्यही दोन्हीकडे आहे. पण अमेरिकन बंदूकबाजाला मुळात धनीच नव्हता. धनी नसणं हीच त्याची शान. जपानी माणसाला जी जखम होती ती तिकडे जाऊन ऐट झाली. 'भटका योद्धा' हा शब्द त्या ऐटीचा अनुवाद आहे, जखमेचा नाही. तुमचं मन मानत नव्हतं ते यामुळेच असावं.

हॉलिवूडने 'रोनिन' शब्द अर्थासकट उचलल्याचं एक उदाहरण आवर्जून द्या: जॉन फ्रँकेनहायमरचा १९९८ चा 'रोनिन'. शीतयुद्ध संपल्यावर धनी हरवलेले हेर. त्यात छोट्या छोट्या सामुराई बाहुल्या रंगवणारा एक म्हातारा सत्तेचाळीस रोनिनांची गोष्ट सांगतो. १७०१ मध्ये एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्यात तलवार उपसली म्हणून त्यांच्या धन्याला पोट फाडून मरावं लागलं, जहागीर खालसा झाली, आणि त्यांनी १७०३ च्या जानेवारीत सूड उगवला. खुद्द जपानी लोक त्यांना अधिक आदराने 'रोशी' म्हणतात.

आणि आजच्या जपानमध्ये रोनिन कोण? विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा हुकली म्हणून वर्षभर पुन्हा अभ्यास करत बसलेला मुलगा. एक वर्ष गेलेला 'इचिरो', दोन वर्षं गेलेला 'निरो'. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत ज्यांनी दोन-तीन वर्षं काढली आहेत, त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता 'योजिंबो'. हा शब्द मला अतोनात प्रिय आहे. 'योजिन' म्हणजे सावधगिरी, 'बो' म्हणजे काठी, दांडा. चोराचिलटाच्या धास्तीने दाराशी ठेवायचा किंवा दाराला आतून लावायचा दांडा. त्यावरून पैसे देऊन पदरी ठेवलेला राखणदार. म्हणजे आपली आगळ! (संस्कृत 'अर्गला', देवीच्या पाठात कवच, अर्गला, कीलक असा क्रम येतो त्यातली. सोलकढीला लागतं ते आगळ वेगळं.) आजोळच्या वाड्यात दिंडी दरवाजाच्या बाजूला भिंतीत एक चौकोनी भोक होतं. दिवसा त्यात एक सागवानी दांडा निजलेला असे. रात्री मामा तो ओढून दारावर आडवा घ्यायचा आणि पलीकडच्या भोकात सारायचा. तोच योजिंबो. तेव्हा 'अंगरक्षक' नको. अंगरक्षक एका माणसाच्या अंगाशी असतो, आगळ घराची असते. 'राखणदार' लिहा, आणि जमल्यास आगळीची गोष्ट एका ओळीत सांगा.

त्या नावाच्या १९६१ च्या चित्रपटात मिफुने चौरस्त्यावर काठी हवेत भिरकावतो आणि ती पडेल त्या दिशेला चालू लागतो. नाव विचारल्यावर खिडकीबाहेर पाहतो. बाहेर तुतीचा मळा. म्हणतो, कुवाबाताके सान्जुरो. कुवाबाताके म्हणजे तुतीचा मळा, सान्जुरो म्हणजे तिशीचा गडी; आणि लगेच पुस्ती, आता चाळिशीच जवळ आलीय. दिसलं ते नाव घेतलं. इटलीच्या सेर्जिओ लिओनेने १९६४ मध्ये हीच गोष्ट क्लिंट ईस्टवूडला घेऊन 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' म्हणून केली, विनापरवाना. मूळ चित्रपटाच्या तोहो कंपनीने दावा लावला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. तो चित्रपट अमेरिकेत लागायला १९६७ उजाडलं, आणि तिथल्या जाहिरातींनी नायकाला 'बिननावाचा माणूस' करून टाकलं. नावंही बोलकी आहेत: जपानी नावात काम आहे, इटालियन नावात दाम आहे, 'मूठभर डॉलर'.

'जेडाय'चं थोडक्यात सांगतो. 'जिदाईगेकी' हा जपानी शब्द आहे, जिदाई म्हणजे काळ, गेकी म्हणजे नाट्य. आपण ऐतिहासिक चित्रपट म्हणतो तो प्रकार. जॉर्ज लुकसने 'जेडाय' त्यावरून घडवला असं सर्रास सांगितलं जातं आणि ध्वनी पाहता पटतंही. पण 'जेडाय' हा स्वतः जपानी शब्द नाही, तेव्हा 'जपानी शब्द' असं लिहू नका, 'जपानीवरून सुचला असं मानतात' लिहा. पक्कं आहे ते वेगळंच: १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये गोष्ट दोन कुरकुऱ्या यंत्रमानवांच्या नजरेतून सुरू होते, ती कल्पना कुरोसावांच्या १९५८ च्या 'हिडन फोर्ट्रेस'मधल्या दोन भांडकुदळ शेतकऱ्यांवरून घेतल्याचं लुकसने स्वतः सांगितलंय.

लेखनाबद्दल: 'योजिंबो'वर अनुस्वारच द्या. ब-च्या आधी तो आपोआप म-सारखा उच्चारला जातो, 'लांब', 'चुंबक' यांत होतो तसा, आणि जपानी उच्चारही तसाच आहे. 'रोनिन' पुल्लिंगी, अनेकवचन तेच: एक रोनिन, सात रोनिन, रोनिनला, रोनिनांनी. 'सामुराई'ची ई दीर्घ, विभक्ती लागतानाही दीर्घच: सामुराईने, सामुराईंना.