भिंतीला आपटला की धूसर होतो: व्हिडिओ मॉडेलवरचे तुमचे प्रश्न

प्रश्न: स्टोकॅस्टिक मूव्हिंग एमनिस्टवर (हाताने लिहिलेले अंक चौकटीत सरकतात असे व्हिडिओ) पुढच्या फ्रेम सांगायला एलएसटीएम, म्हणजे आधीचा क्रम लक्षात ठेवणारं न्यूरल नेटवर्क, ट्रेन केलं. अंक छान सरकतात पण कडेला आपटले की त्यांचा पुसट डाग होतो. अजून इपॉक (सगळ्या डेटावरून ट्रेनिंगच्या फेऱ्या) वाढवू का?

वाढवा, लाइटबिल येईल फक्त. अहो या डेटासेटमध्ये अंक आपटल्यावर कुठे उसळणार हे रँडमच ठेवलंय, आधीच्या फ्रेम कितीही बघा उत्तर त्यात नाहीचे. आणि तुमचा लॉस, म्हणजे चूक मोजायचं माप, एमएसई असणार, म्हणजे दर पिक्सेलच्या चुकीच्या वर्गाची सरासरी (बहुतेकांचा असतोच), मग मॉडेल काय करतं, डावीकडे जाईल की उजवीकडे माहीत नाही ना, मग दोन्हीकडे थोडं थोडं रंगवून ठेवतं, कारण सरासरी काढली की मार सगळ्यात कमी बसतो. तुम्ही जे मागितलं तेच दिलंय त्याने. डेंटन आणि फर्गस यांचं २०१८ चं एसव्हीजी हे मॉडेल बघा, त्यात दर फ्रेमला एक लेटंट व्हेरिएबल (चित्रात न दिसणारा रँडम घटक) सॅम्पल करतात, त्यामुळे मॉडेल कुठलीतरी एक दिशा धरतं आणि अंक स्पष्ट राहतो. फक्त मग एकाच सॅम्पलवरून पीएसएनआर (चित्र खऱ्याशी किती जुळतं त्याचा आकडा) काढून रडत बसू नका, बरीच सॅम्पल काढून खऱ्या व्हिडिओच्या सगळ्यात जवळचं धरतात.

प्रश्न: अंकांच्या उड्या ठीक आहेत, पण याचा खरा उपयोग काय हो?

पाऊस! २०१५ चं कॉन्व्हएलएसटीएम (चित्रांसाठीचं एलएसटीएम) हाँगकाँगच्या पावसाच्या रडारवरच केलेलं, दर ६ मिनिटांना एक फ्रेम, ५ बघायच्या आणि पुढच्या १५ सांगायच्या, म्हणजे दीड तास. पण अशा मॉडेलमध्येही तोच डाग, लांबच्या फ्रेममध्ये जोराच्या सरी पसरून मवाळ होतात, आणि आपल्याला नेमक्या त्याच तर हव्या असतात, रिमझिमीचं कोण विचारतंय. २०२१ मध्ये डीपमाइंडने ब्रिटनच्या मेट ऑफिसबरोबर (तिथलं हवामान खातं) जनरेटिव्ह मॉडेल, म्हणजे सरासरीऐवजी एकेक शक्यता बनवणारं, केलं, ५० हून जास्त हवामानतज्ज्ञांना दाखवलं तर बहुतेक वेळा त्यांनी तेच निवडलं.

प्रश्न: सोराचे (ओपनएआयचं मजकुरावरून व्हिडिओ बनवणारं मॉडेल) व्हिडिओ तर एकदम क्लिअर, मग सुटला ना प्रश्न?

धूसरपणाचा बऱ्यापैकी सुटला. सोरातलं डिफ्यूजन तंत्र नॉइजपासून (रँडम ठिपक्यांपासून) सुरू करून एकच शक्यता हळूहळू बाहेर काढतं. पण ती शक्यता खरी असेलच असं नाही, फेब्रुवारी २०२४ मध्ये सोरा दाखवतानाच ओपनएआयने सांगितलं होतं की माणूस कुकीचा चावा घेईल आणि कुकीवर चाव्याची खूणच नसेल. मला तर जुना डाग बरा वाटतो कधीकधी, मॉडेल गोंधळलंय हे निदान दिसायचं, आता बिनधास्त थाप मारतं.

प्रश्न: ४ जीबीच्या जीपीयूवर काय चालेल?

६४ बाय ६४ पिक्सेलच्या चौकटीतले अंक. बॅच (एका वेळी शिकवायचे व्हिडिओ) छोटी ठेवा, सोराचं नाव काढू नका.