थिएटरात बॅग तपासतात ती सुरक्षेसाठी की चिवडा पकडण्यासाठी?

खरं सांगू? दोन्हीसाठी. आमच्या लातूरकडं तर दुसरंच जास्त. मागच्या उन्हाळ्यात गार्डनं माझ्या पिशवीतल्या शेंगदाण्याच्या लाडवांची कसून झडती घेतली, पण पडद्याशेजारच्या दाराला आतून कडी होती, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

बाहेरचे पदार्थ अडवायचा हक्क थिएटरला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये मान्य केलंय. पण पिण्याचं पाणी त्यांनी फुकट द्यायला पाहिजे, आणि तान्ह्या लेकरासाठी आणलेलं बेताचं खाणंही चालतं. बाईची अंगझडती बाई गार्डनंच घ्यावी. नसेल तर सरळ नकार द्या, मॅनेजरला बोलवा.

आता जिवाचा मुद्दा. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार थिएटरात 59 जणांचा जीव गेला. ट्रान्सफॉर्मरला आग लागली तळाला, पण माणसं गुदमरली बाल्कनीत. जादा खुर्च्या टाकून तिथली बाहेर पडायची एक वाट बंद केलेली होती. हे मेटल डिटेक्टरला दिसत नसतं.

म्हणून मी आत गेलो की आधी दोन दारं हेरतो. कडी-कुलूप दिसलं तर पिक्चर सुरू व्हायच्या आधीच मॅनेजरला सांगतो (बायको म्हणते, पिक्चर बघायला आलाव का इन्स्पेक्शनला!). धूर दिसला तर खाली वाकून, तोंडाला ओला रुमाल धरून निघा, लिफ्ट नको, आणि बाहेर येऊन 112 लावा. चप्पल-पर्स शोधत बसू नका.