जुना राउटर वरच्या मजल्यावर लावला. इंटरनेट येतं, पण खालचा प्रिंटर का दिसत नाही?

तुम्ही दिलेल्या माहितीवरूनच निदान होतंय. वर इंटरनेट नीट चालतं, पण वरच्या लॅपटॉपला हॉलमधला वाय-फाय प्रिंटर सापडत नाही, आणि हॉलमधल्या टीव्हीला वरच्या पीसीतले शेअर केलेले फोल्डर दिसत नाहीत. खालच्या मुख्य राउटरपासून आणलेली लॅन केबल जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत घेणाऱ्या; लॅन पोर्ट घरातल्या उपकरणांसाठी असतात) गेली आहे. तो पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो.

वॅनमध्ये केबल लागली की जुना राउटर आपल्या पलीकडे स्वतंत्र नेटवर्क उभं करतो. लॅपटॉप आधी खालच्या आणि मग वरच्या वाय-फायला जोडून त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) पाहा. खाली १९२.१६८.१.२५ आणि वर १९२.१६८.०.१०० असं काही दिसलं, तर घरात दोन नेटवर्कं झाली आहेत. प्रिंटर स्वतःची ओळख फक्त आपल्याच नेटवर्कात पुकारतो, ती हाक राउटर ओलांडत नाही. म्हणून प्रिंटरचा आयपी हाताने टाकला तर वरून प्रिंट निघूही शकते, पण यादीत तो येत नाही. खालून वर तर वाटच नाही, कारण वरच्या राउटरचा नॅट (आतली उपकरणं एकाच पत्त्यामागे ठेवणारी सोय) बाहेरून आलेली जोडणी अडवतो.

जुन्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (वेगळं नेटवर्क न करता फक्त वाय-फाय पुरवणं) असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर हाताने करा, पण क्रम पाळा. खालून आलेली केबल काढा, लॅपटॉप जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला जोडा आणि सेटिंगचं पान उघडा. आधी राउटरचा लॅन आयपी बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या (जिओच्या राउटरवर मालिका सहसा १९२.१६८.२९ ची असते, तिथे त्याप्रमाणे). हा पत्ता मुख्य राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी वाटणारी सोय) यादीबाहेर हवा. ती यादी २ पासून सुरू होत असेल तर १० पासून करा. सेव्ह करून नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि मग जुन्या राउटरचा डीएचसीपी बंद करा. आधी डीएचसीपी बंद केलात तर लॅपटॉपला आयपीच मिळणार नाही आणि तो हाताने भरत बसावं लागेल. शेवटी खालची केबल लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन रिकामा राहू द्या.

जुन्या राउटरचा डीएचसीपी चालू राहिला तर काही उपकरणांना गेटवे (इंटरनेटकडे जाण्याचं दार) म्हणून चुकीचा पत्ता मिळतो: 'कनेक्टेड', पण इंटरनेट नाही, तेही अधूनमधून. दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वर राहिले तर अख्ख्या घराचं नेट अडखळतं.

वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे एकच ठेवा. चॅनेल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ पैकी, रुंदी २० मेगाहर्ट्झ. प्रिंटर बहुधा २.४ वरच चालतो. लॅपटॉप ५ वर असला तरी बिघडत नाही, नेटवर्क एकच आहे. प्रिंटर 'गेस्ट' वाय-फायवर नाही ना, आणि 'एपी आयसोलेशन' (वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) बंद आहे ना, एवढं बघा.

विंडोज या बदलानंतर नेटवर्क नवं समजून 'पब्लिक' ठरवू शकतं. वरच्या पीसीवर ते 'प्रायव्हेट' करा, नाहीतर सगळं बरोबर असूनही फोल्डर टीव्हीवर येणार नाहीत.

वर वेग ९०-९५ एमबीपीएसवर अडकत असेल तर मुख्य संशयित दोन. जुन्या राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असतील, किंवा केबलच्या आठ तारांपैकी एखादी कनेक्टरमध्ये नीट बसलेली नसेल. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) तारांच्या चारही जोड्या लागतात. कनेक्टर पुन्हा क्रिंप करायची (तारांवर दाबून बसवायची) वेळ आली तर दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. केबल नवी घ्यायची झालीच तर शुद्ध तांब्याची कॅट-६ मागा. स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, वाकवली की आतून तुटते.

आणि वेग वाढेल म्हणून दोन राउटरांमध्ये दुसरी लॅन केबल जोडू नका. लूप होऊन (तोच डेटा गोल गोल फिरत राहून) सगळं नेटवर्क ठप्प होतं.