‘सगळ्यांचं काम झटपट होतं, माझंच का वाढलं?’

“मॅडम, मी ढ झालेय का?” समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत खुर्चीत बसता बसता आलेला हा प्रश्न. विचारणाऱ्या बाई चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पर्चेसला. वय ४६, नोकरी २१ वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सारखीच तक्रार घेऊन आलेल्या दोन-तीन जणांचे अनुभव एकात गुंफले आहेत.)

कंपनीने चार महिन्यांपूर्वी सगळ्यांना एआय साधनाचं लायसन्स दिलं, दोन तासांचं प्रशिक्षण झालं आणि दर पंधरवड्याला एक तक्ता भरायचा हुकूम निघाला: एआयमुळे किती तास वाचले? शेजारच्या टेबलावरचा दीड वर्षाचा अनुभव असलेला मुलगा आठ तास लिहितो. बाई तीन लिहायच्या. त्यांच्या मते खरं तर एकही तास वाचत नव्हता, उलट साडेपाचची बस सोडून आठला घरी पोचणं सुरू झालं होतं. खोटं लिहिल्याचं ओझं, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा, पहाटे चारला जाग. मागून कुणी गेलं की त्या साधनाची खिडकीच बंद करायच्या, जणू काही चोरून बघत होत्या.

हल्ली ही तक्रार बँकेतले, शाळेतले, लेखा विभागातले लोकही घेऊन येतात. वाक्य तेच: बाकीच्यांना जमतं, मलाच जमत नाही. समुपदेशनात आधी हे वाक्य फोडावं लागतं, कारण त्यात दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. एक कामाची अडचण, दुसरी लाज. लाज आधी बोलते आणि अडचण दिसू देत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत धीराचे शब्द मोजके आणि गृहपाठ जास्त. दहा कामाचे दिवस एका साध्या वहीत चार रकाने ठेवायचे: काम कोणतं, एरवी हाताने किती मिनिटं लागतात, साधनाला सांगण्यात किती गेली, आणि आलेलं वाचून दुरुस्त करण्यात किती. मोबाइलचं स्टॉपवॉच लावायचं, अंदाज लिहायचा नाही. अंदाजावर का विसंबू नये याचा चांगला दाखला आहे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांवर एक प्रयोग केला. एआय वापरून आपण सुमारे २० टक्के लवकर काम केलं असं त्यांना वाटत होतं. घड्याळाप्रमाणे त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता. प्रयोग लहान आहे, एका प्रकारच्या कामापुरता आहे, पण शेजारच्या टेबलावरचे ‘आठ तास’ कसे येत असतील याची कल्पना त्यावरून येते.

वही भरून आली तेव्हा चित्र वेगळंच होतं. डिलिव्हरीसाठी व्हेंडरांना रोजचे बारा-एक फॉलो-अप मेल: हाताने ७० मिनिटं, साधनाने ३०. मीटिंगचे मिनिट्स (बैठकीचं टिपण): हाताने ४०, साधनाने ४५. कोटेशनचा कम्पॅरेटिव्ह (दरांच्या तुलनेचा तक्ता): हाताने ५०, साधनाने ६५. म्हणजे एका कामात बाई घसघशीत वेळ वाचवत होत्या आणि दुसऱ्या दोन कामांत तो घालवत होत्या. लक्षात मात्र फक्त घालवलेला राहत होता.

कम्पॅरेटिव्हमध्ये नेमकं काय बिघडत होतं ते पाहण्यासारखं आहे. ५०,००० बोल्टांसाठी तीन कोटेशन. पहिल्याचा रेट १०० नगांना ६४० रुपये, माल कारखान्यात पोच. दुसऱ्याचा नगाला ६ रुपये १० पैसे, पण एक्स-वर्क्स लुधियाना, म्हणजे भाडं आपल्या माथी. तिसऱ्याचा रेट किलोला. साधनाने क्षणात सुबक तक्ता दिला आणि दुसऱ्याला एल-वन, म्हणजे सर्वांत स्वस्त, ठरवलं. भाडं त्याने धरलंच नव्हतं. नगाला ४५ पैसे भाडं धरलं की दुसरा ६ रुपये ५५ पैशांवर जातो, पहिल्यापेक्षा १५ पैसे महाग. पन्नास हजार नगांवर हा फरक ७,५०० रुपयांचा. तिसऱ्याचा प्रकार आणखी मजेशीर: किलोचा रेट नगावर आणायला एका बोल्टचं वजन लागतं. ते कोटेशनमध्ये कुठेच नव्हतं. साधनाने ते मनाने धरलं आणि धरल्याचं सांगितलंही नाही.

बाईंनी या दोन्ही चुका पकडल्या होत्या. वहीत त्याची नोंद त्यांनी कशी केली? ‘तपासण्यात वेळ गेला. मी हळू आहे.’

इथे आम्ही थांबलो. कागदावर दोन ओळी लिहायला सांगितल्या: घडलं काय, आणि मी त्याचा अर्थ काय लावला. घडलं ते असं की साडेसात हजारांचा घाटा आणि एक मनाने धरलेला आकडा कुणाच्या तरी नजरेला पडला. अर्थ लावला तो ‘मी ढ’. दोन ओळी शेजारी ठेवल्यावर बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्या पोराने बघितलंच नसतं हो हे.”

बघितलं नसतं, कारण कुठे बघायचं हे त्याला अजून ठाऊक नाही. याबद्दल एक अभ्यास आम्ही अशा भेटींत आवर्जून सांगतो. अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहक-मदत विभागातल्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचं काम तपासलं. एआय साधन हाती आल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या सुमारे ३४ टक्क्यांनी वाढल्या, आणि मुरलेल्यांच्या जवळपास वाढल्याच नाहीत. मुरलेल्यांकडे जे आधीपासून होतं तेच साधनाने नवख्यांच्या हाती दिलं. शेजारच्या मुलाचा वेळ जास्त वाचतो आणि आपला कमी, यातून बाईंची बुद्धी मंदावल्याचं काही सिद्ध होत नाही.

पण म्हणून साधन बाजूला ठेवा, असा सल्ला आम्ही देत नाही. तो देणं सोपं असतं आणि माणूस खूश होऊन घरी जातो. नोकरीत ते चालत नाही. आम्ही एक कसोटी देतो: जे काम तपासायला करण्यापेक्षा बराच कमी वेळ लागतो, ते साधनाला द्या. फॉलो-अप मेल पाच सेकंदांत डोळ्याखालून जातो, म्हणून तो द्यावा. कम्पॅरेटिव्हचा प्रत्येक आकडा मुळाशी ताडावा लागतो, म्हणून तो आख्खा देऊ नये, तोडून द्यावा.

कसा तोडला ते सांगतो. साधनाने फक्त उतरवून घ्यायचं: रेट, तो कशाला आहे (नग, शेकडा, किलो), भाडं कुणाचं, पेमेंट किती दिवसांत, कोटेशन कधीपर्यंत लागू. कोटेशनमधल्याच शब्दांत, पान क्रमांकासह. सूचना बाईंनीच लिहिली: ‘एकक बदलू नकोस, बेरीज-गुणाकार करू नकोस, सर्वांत स्वस्त कोण ते ठरवू नकोस. माहिती नसेल तिथे “दिलेले नाही” असं लिही.’ पुढची आकडेमोड एक्सेलच्या सूत्रांनी. सूत्र एकदा बरोबर बसवलं की दर वेळी तेच उत्तर देतं. भाषेवर चालणारं साधन तसं वचन देत नाही. असं केल्यावर टाइप केलेल्या पीडीएफ कोटेशनचं काम ३५ मिनिटांवर आलं. स्कॅन केलेल्या, शिक्का आकड्यावर उमटलेल्या कोटेशनचं नाही. तिथे ३ चा ८ होतो, आणि सगळंच पुन्हा ताडावं लागतं.

मिनिट्सची भानगड भाषेची होती. बैठक मराठी-हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत होते आणि व्हेंडर म्हणतो, “हो, बघतो.” साधनाने लिहिलं: शुक्रवारपर्यंत पुरवठा करण्याचं मान्य केलं. आपल्याकडे ‘बघतो’ म्हणजे काय, हे पर्चेसमध्ये २१ वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. उपाय साधा निघाला. बैठक संपताच बाई स्वतः पाच-सहा तुटक ओळी लिहितात: कोण, काय, कधीपर्यंत, पक्कं की ‘बघतो’. साधनाने त्या ओळी नीट भाषेत मांडायच्या, बस. ४५ मिनिटांची २५ झाली.

एका पत्रात साधनाने सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी लिहिला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सरसकट १८ टक्के आहे. साधन जुन्या मजकुरावर शिकलेलं असतं, म्हणून दर, कायदा, तारीख या तीन गोष्टी त्याच्याकडून घ्यायच्याच नाहीत, आपण पुरवायच्या.

दुसऱ्या भेटीत बोलता बोलता एक गोष्ट सहज बाहेर आली: घाई असली की शेजारचा मुलगा कोटेशन स्वतःच्या मोबाइलमधल्या फुकट खात्यात टाकतो, आणि एकदा बाईंनीही टाकलं होतं. हे मात्र ताबडतोब थांबवायला सांगितलं. सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकला आणि त्यानंतर कंपनीने अशी साधनं वापरायला बंदी घातली. व्हेंडरचा रेट ही त्याने विश्वासाने दिलेली माहिती असते. कंपनीच्या खात्यातसुद्धा शक्य तिथे नावाऐवजी अ, ब, क लिहावं.

उरलं साहेबांशी बोलणं. त्याची बाईंना सगळ्यात जास्त भीती, म्हणून ते आधी भेटीत करून पाहिलं. समुपदेशक साहेब झाले आणि मुद्दाम घड्याळाकडे बघत राहिले. पहिल्या दोन वेळा बाईंनी माफी मागूनच सुरुवात केली. तिसऱ्या वेळी वाक्य बसलं: “सर, मला पंधरा मिनिटं हवीत. दहा दिवसांची नोंद आणलीय. या कामात रोज ४० मिनिटं वाचतात, या कामात १५ जास्त जातात, आणि का जातात ते लिहिलंय.” तक्त्यात आतापर्यंत अंदाजे तास लिहिले, यापुढे मोजून लिहीन, हेही त्यांनीच सांगायचं ठरलं. कबुलीजबाब द्यायची गरज नव्हती. एवढं पुरे होतं.

नोकरी राहील का, हा प्रश्न त्यांनी प्रत्येक भेटीत विचारला. त्याची हमी कुठलाही समुपदेशक देऊ शकत नाही, आणि दिली तर ती घेऊ नये. झोपेचं मात्र पाहिलं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर वहीने भागत नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. बाईंना तिसऱ्या आठवड्यापासून झोप लागू लागली.

साहेबांनी पंधरा मिनिटांऐवजी सात दिली. तक्ता रद्द झाला नाही, पण त्यात ‘तपासणीचा वेळ’ असा एक रकाना वाढला. शेजारचा मुलगा आता कम्पॅरेटिव्ह पाठवण्याआधी बाईंच्या टेबलावर आणून ठेवतो. ते काम त्यांच्या खात्यात कुठे धरायचं, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. साडेपाचची बस आठवड्यातून चार दिवस मिळते. आणि स्कॅन केलेल्या कोटेशनसमोर, वाचलेल्या मिनिटांच्या रकान्यात, त्या दर पंधरवड्याला उणे १५ लिहितात.