आधी त्याला दाखव

पोरी,

तुझ्या फिल्मचा कट दोनदा पाहिला. नशेसाठी हुंगायच्या सोल्युशनच्या रुमालाचा शॉट जबरदस्त आहे, मान्य. पण स्टेशनवरचा तो पोरगा "ताई, हे नको घालू" म्हणालाय आणि तू मला विचारतेस, ठेवू की काढू? मला काय विचारतेस? लॅपटॉप घे, स्टेशनवर जा, आधी त्याला दाखव.

चेहरा ब्लर करशील. करावाच लागेल, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याने हो म्हटलं तरी चेहरा नाहीच. पण त्याचा घोगरा आवाज, पुलाखालची ती जागा? फलाटावरचा कुठलाही चहावाला ओळखेल.

मी त्याच स्टेशनवर तीन वर्षं झोपलो. हॉटेलात कपबशा विसळायचो, मालकाला सांगितलं होतं, ताडीवाला रोडला मामाकडे राहतो. एका सकाळी त्याने पेपर पुढे टाकला. फोटोत मी, तोंड उघडं, चपला उशाला. दुपारी हिशोब करून घालवलं. मला कुणीही विचारलं नव्हतं.

आणि तरी पहिल्या फिल्ममध्ये मी तेच केलं. स्वारगेटच्या स्टँडवर राहणारी एक बाई. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं. तिला दाखवायचं राहूनच गेलं. नंतर भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "गावाकडं पोळ्यांचं काम करते म्हणून सांगितलं होतं रे." पुन्हा दिसली नाही. पुष्कळ शोधलं.

तेव्हापासून आधी त्याला दाखव, मग जगाला. या हट्टापायी माझ्या दोन फिल्म पडून आहेत. एका चॅनेलचे पैसे हप्त्याहप्त्याने परत केले. लोक वेडा म्हणतात, म्हणू देत. मी चुकलो नाही. एडिटिंग काय, एफटीआयआयसारख्या फिल्म शिकवणाऱ्या संस्थेत जाऊन शिकशील. हे मात्र आत्ताच शिकायचं.

21 पूर्ण झाली की आफ्टरकेअर, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यावर मिळणारा सरकारी आधार, संपेल, त्याआधी नाव व्हावं म्हणून तुझी घाई चाललीये, कळतं मला. खोलीचं आपण बघू, मी आहे ना. पण त्यासाठी त्याचा रुमाल विकू नकोस.

संध्याकाळी डेक्कन क्वीन यायच्या आत जा. गाडी लागली की तो बाटल्यांमागे पळतो. हेडफोन त्याला दे. आणि स्क्रीनकडे नको, त्याच्याकडे बघत बस.

दादा