माझी मुलगी शाळेत 'मिनी विनी' झाली आहे, पण आम्ही ख्रिस्ती नाही. कॅथलिक शाळेतल्या या जबाबदारीचा अर्थ काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वर्षभरापूर्वी तुम्ही इंग्लंडला आलात, घराजवळची चांगली शाळा म्हणून मुलीला कॅथलिक प्राथमिक शाळेत घातलंत, आणि आता इयर फाइव्हमध्ये तिची 'मिनी विनीज'मध्ये निवड झाल्याचं पत्र घरी आलंय. तुम्ही हिंदू आहात. हा धर्मप्रचार आहे की स्वेटरवर लावायचा नुसता बिल्ला, आणि नऊ-दहा वर्षांची पोरं असं कोणतं समाजकार्य करणार, असं तुम्ही विचारलंय.

मी इथल्याच एका कॅथलिक प्राथमिक शाळेत शिकवते आणि आमच्या मिनी विनीजच्या बैठकांना बसते. मी स्वतः कॅथलिक आहे, त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

आधी नाव. 'विनी' म्हणजे व्हिन्सेंट. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये गरिबांसाठी आयुष्य वेचलेले संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची एक संस्था आहे, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. ती कुणा बिशपांनी किंवा धर्मगुरूंनी काढली नाही, पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी काढली. फ्रेडरिक ओझानाम हा त्यांतला पुढाकार घेणारा मुलगा. वादसभेत कुणीतरी त्याला सुनावलं, तुमच्या ख्रिस्तसभेने (चर्चने) पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज पॅरिसच्या गरिबांसाठी तुम्ही काय करताय? ते त्याच्या मनाला लागलं. 23 एप्रिल 1833 रोजी या मुलांची पहिली बैठक झाली, आणि त्याच दिवशी ओझानामला वीस वर्षं पूर्ण झाली होती. इंग्लंडमध्ये ही संस्था 1844 पासून आहे. तिचीच प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठीची शाखा म्हणजे मिनी विनीज. मोठ्यांनी आखलेल्या कार्यक्रमात मुलांनी हातभार लावावा अशी ही कल्पना नव्हतीच, मुळातच ती तरुणांनी सुरू केलेली गोष्ट आहे. आमच्या मुलांना ही गोष्ट फार आवडते. वीस वर्षांचा माणूस त्यांना म्हातारा वाटतो हे खरं, पण तो शिक्षक नव्हता, फादर नव्हता, हे त्यांच्या बरोबर लक्षात राहतं.

कामाची पद्धत तीन शब्दांत सांगतात: पाहा, विचार करा, करा. तिचं मूळ बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांसाठी बसवलेल्या 'पाहा, पारखा, कृती करा' या पद्धतीत आहे. पोप तेविसावे जॉन यांनी 1961च्या आपल्या विश्वपत्रात, म्हणजे पोपनी सगळ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या पत्रात, ती उचलून धरली. कागदावर हे तीन शब्द अगदी साधे दिसतात. त्यातलं 'पाहा' किती अवघड असतं, हे मला एका मुलीने शिकवलं.

इथे शरद ऋतूत शाळांमध्ये 'हार्वेस्ट' होतो, म्हणजे कापणीबद्दल देवाचे आभार. त्या वेळी मुलं घरून डबाबंद अन्न आणतात आणि ते फूड बँकेला, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राला जातं. जास्त डबे यावेत म्हणून त्या वर्षी मी हॉलमध्ये मोठा तक्ता लावला होता. कोणत्या वर्गाचे किती डबे ते रोज भरायचं, आणि जिंकणाऱ्या वर्गाला खेळायला जादा वेळ. मुलं पेटून उठली, डब्यांचे ढीग लागले. मी खूश होते.

मग मिनी विनीजची बैठक झाली. 'या आठवड्यात कोणी काय पाहिलं?' हा आमचा नेहमीचा पहिला प्रश्न. एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "आमच्या वर्गात एक जण आहे. हजेरीनंतर बाई विचारतात ना, आज कोणी डबा आणलाय, तेव्हा तो रोज खाली वाकून बूट बांधतो. पण त्याच्या बुटांना नाड्या नाहीत, वेल्क्रो आहे."

खोलीत कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. एक मुलगा म्हणाला, आपण त्याच्यासाठी एक डबा आणू, म्हणजे तो हात वर करू शकेल. दुसरी लगेच म्हणाली, मग त्याला कळेल ना, की आपल्याला कळलंय. तिसऱ्याने विचारलं, आपण पाठवतो ते डबे त्याच्याच घरी जात असतील तर? शेवटी त्यांनी ठरवलं, की तक्ता काढायचा, वर्गात विचारणं बंद करायचं, आणि एकच मोठं खोकं मुख्य दारापाशी ठेवायचं. आईवडील मुलांना सोडायला येताना टाकायचं ते टाकतील, मोजणार कोणी नाही. मी म्हटलं, बाळांनो, अशाने डबे कमी येतील. चिटणीस मुलीने वहीतून वर न बघता सांगितलं, "येऊ देत."

डबे कमीच आले. तक्ता मी लावला होता, मीच काढला. आणि त्या वर्षी पहिल्यांदा मुलांनी फूड बँकेला फोन करायला लावून विचारलं, तुम्हाला हवंय काय? कळलं की पास्ता आणि बीन्स त्यांच्याकडे भरपूर पडून होते. हवी होती टूथपेस्ट, कपडे धुवायची पावडर, टिकाऊ दूध. वर्षानुवर्षं आम्ही न विचारताच देत आलो होतो.

माणसाची प्रतिष्ठा हा कॅथलिक सामाजिक शिकवणीचा पहिला पाया. आधुनिक काळात या शिकवणीची सुरुवात पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये कामगारांच्या प्रश्नावर लिहिलेल्या विश्वपत्रापासून मानतात, आणि आताचे पोप चौदावे लिओ यांनी त्यांच्यावरूनच आपलं नाव घेतलं. हे सगळं आम्ही धर्मशिक्षणाच्या तासाला शिकवतोच. पण देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हे त्या मुलांनी त्या अर्ध्या तासात स्वतः शोधलं. तुमची मुलगी या गटात असावी असं मला वाटतं, ते यासाठी.

आता तुमची खरी काळजी, धर्म. मी लपवणार नाही: बैठक प्रार्थनेने सुरू होते आणि प्रार्थनेने संपते. श्रद्धा आणि समाजकार्य या आमच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मत्तयच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात येशू म्हणतो, मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिलंत. त्या वाक्यावर आमचं सगळं काम उभं आहे, ते काढलं तर शाळेपुरता तो एक मदतनिधी उरेल. पण तुमच्या मुलीने ख्रिस्ती व्हावं यासाठी हा गट नाही, आणि कोणी तसा दबाव आणत असेल तर तो चुकतोय. आमच्या गटात मुस्लिम मुलं आहेत, हिंदू मुलगी होती, कोणताच धर्म न मानणाऱ्या घरची मुलं आहेत. क्रूसाची खूण करायची की नाही, 'आमेन' म्हणायचं की नुसतं शांत बसायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. कायद्याचंही सांगते: 1998च्या शालेय कायद्यानुसार पालक मुलाला धार्मिक शिक्षणातून आणि सामूहिक उपासनेतून काढून घेऊ शकतात. मात्र कॅथलिक शाळेत शिकवण्याच्या वेळेचा दहावा भाग धार्मिक शिक्षणाला असतो आणि उरलेल्या दिवसातही श्रद्धा सगळीकडे असते, त्यामुळे प्रत्यक्षात पूर्ण वेगळं राहणं जमत नाही. मिनी विनीज तर पूर्णपणे ऐच्छिक.

तिला उपासना चालवायलाही सांगतील कदाचित. बऱ्याच शाळांत त्यासाठी वेगळा 'चॅप्लन्सी' गट असतो, काही ठिकाणी तीच मुलं दोन्हीकडे. यात मुलं काय करतात? टेबलावर चर्चच्या वर्षातल्या त्या काळाचा रंग अंथरतात, आगमनकाळात (नाताळाआधी) आणि उपवासकाळात (ईस्टरआधी) जांभळा, पास्काला म्हणजे ईस्टरला पांढरा, सामान्य काळात हिरवा. बायबलमधला उतारा निवडतात, वाचतात, मग शांतता, मग प्रार्थना किंवा गाणं, आणि शेवटी आज आपण काय करायचं ते सांगतात. शांतता ठेवणं मोठ्यांनाही जमत नाही. आमच्याकडे एक मुलगा होता, एरवी एक मिनिट खुर्चीत न टिकणारा. उतारा वाचून झाला की तो टेबलक्लॉथच्या आड बोटांवर वीसपर्यंत मोजायचा, दोन्ही हात दोनदा, आणि मगच मान वर करायचा. तोवर सगळं हॉल त्याच्यासाठी थांबलेलं असायचं. मी अनेक वर्षं सकाळच्या सभा घेतल्या, वीस आकडे थांबायचं धाडस मला झालं नव्हतं.

बिल्ल्यांबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. 2022 पासून बिशपांच्या वतीने कॅथलिक स्कूल्स इन्स्पेक्टोरेट शाळांची तपासणी करतं. तपासनीस मुलांशी बोलतात, तुम्ही काय करता आणि का करता ते विचारतात. ते मला पटतं. पण त्याचा परिणाम काही शाळांत असा होतो, की तपासणी जवळ आली की गट उगवतात, बिल्ले वाटले जातात, आणि मुलांकडून 'सॉलिडॅरिटी' (एकमेकांच्या पाठीशी उभं राहणं), 'सब्सिडिअॅरिटी' हे कॅथलिक शिकवणीतले शब्द घोकून घेतले जातात. मुलांच्या सहभागावर काम करणारे रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग म्हणतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं, नावापुरतं विचारणं. कॅथलिक शाळाही त्या पायऱ्यांवर असू शकतात, आणि मी स्वतः तक्ता लावला तेव्हा तिथेच होते.

मला याचं सगळ्यात वाईट वाटतं, कारण घोकून घेतलेल्या त्या 'सब्सिडिअॅरिटी' शब्दातच उत्तर आहे. पोप अकरावे पायस यांनी 1931 मध्ये हे तत्त्व ठामपणे मांडलं: जे काम खालच्या, लहान गटाला स्वतः करता येतं ते वरच्याने त्याच्याकडून काढून घेणं अन्याय आहे. हे आपण राज्य आणि समाजाबद्दल बोलतो. पण दहा वर्षांची मुलं जो निर्णय घेऊ शकतात तो शिक्षिकेने घेऊन टाकला, तर त्याला दुसरं काय म्हणायचं?

म्हणून शाळेला दोन गोष्टी विचारा. मागच्या वर्षी मुलांनी ठरवलेली एखादी गोष्ट सांगा, जी तुम्हाला मोठ्यांना आधी सुचली नव्हती किंवा पटली नव्हती. आणि बैठकीची वही कोण लिहितं? वही मुलाच्या अक्षरात असेल, खाडाखोड असेल, तर निर्धास्त राहा.

कामं कोणती, तर ऋतूप्रमाणे. उपवासकाळात बहुतेक कॅथलिक शाळा काफोडसाठी पैसे जमवतात. काफोड म्हणजे इंग्लंड आणि वेल्समधल्या कॅथलिकांची परदेशातल्या गरिबांसाठी काम करणारी संस्था. 1960 मध्ये कॅथलिक महिलांनी एक दिवस घरोघरी साधं जेवून वाचलेले पैसे गोळा केले, त्यातून 1962 मध्ये ती उभी राहिली. मिनी विनीज वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना भेटतात, पत्रं लिहितात, धर्मग्रामातल्या, म्हणजे स्थानिक चर्चमधल्या, मोठ्या विनींबरोबर काम करतात. पोप फ्रान्सिस यांचं 2015 मधलं सृष्टीबद्दलचं विश्वपत्र शिकल्यावर आमच्या मुलांनी शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या. पहिल्या दिवशी वहीची तीन पानं रेघोट्यांनी भरली. मग त्यांनी कौन्सिलला पत्र लिहिलं आणि पालकांसाठी फलक रंगवले. फलक लागल्यावर काही पालक माझ्यावर चिडले, काहींनी इंजिन बंद केलं. मुलांनी राजकारण करू नये म्हणाल, तर पक्षीय प्रचार शाळेत कायद्यानेच चालत नाही. पण गरिबाला डबा देणं आणि तो गरीब का आहे हे विचारणं यांतलं फक्त पहिलंच मुलांना शिकवायचं, हे मला मान्य नाही.

पत्रासोबत नियुक्तीच्या मिस्सेची, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेची, तारीख असेल. त्या दिवशी मुलांना पुढे बोलावतात, ती सगळ्यांसमोर वचन देतात, फादर बिल्ल्यांना आशीर्वाद देतात. तुम्ही दोघंही जा. परमप्रसादाच्या वेळी, म्हणजे पवित्र भाकर वाटतात तेव्हा, तुम्ही बाकावर बसून राहिलात तरी कोणाला गैर वाटत नाही. रांगेतून जायचं असेल तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा, फादर आशीर्वाद देतील. आणि थोडं लवकर पोचून पुढचा बाक धरा, मुलं प्रार्थना वाचतात तेव्हा माइकपाशी त्यांची उंची पुरत नाही आणि मागे काही ऐकू येत नाही.