अमेरिकेत ब्लॅक लोकांना शहराकडून 25 हजार डॉलर मिळतात म्हणे. गुलामगिरी तर कधीच संपली, मग आता कसली भरपाई?

तुम्ही वाचलेली बातमी एव्हन्स्टनची असणार. शिकागोच्या उत्तरेला लागूनच आहे, मी तिथून फार लांब राहत नाही. आणि पहिली गोष्ट म्हणजे हे पैसे गुलामगिरीचे नाहीतच हो, घरांचे आहेत.

झालं असं की 1921 च्या झोनिंगपासून, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवणाऱ्या शहराच्या नियमांपासून, तिथल्या ब्लॅक कुटुंबांना हळूहळू शहराच्या पश्चिमेच्या एका तुकड्यात ढकललं, मग 1930 च्या दशकात सरकारी नकाशावर तोच भाग लाल रंगवला, म्हणजे बँकांना इशारा की इथे कर्ज देणं धोक्याचं. कर्ज नाही म्हणजे घर नाही, आणि इथल्या मध्यमवर्गाची सगळी पुंजी घरातच असते, तेच पोरांना मिळतं. म्हणून अट अशी की तुम्ही स्वतः 1919 ते 1969 मध्ये तिथे राहत असलेले ब्लॅक रहिवासी हवेत, नाहीतर त्यांचे थेट वंशज. 1969 नंतर शहराच्या धोरणामुळे भेदभाव झाला असेल तर तो मात्र दाखवावा लागतो.

बरेच जण याची तुलना आपल्या आरक्षणाशी करतात, मला ती पटत नाही. हे जास्त धरणग्रस्तांच्या मोबदल्यासारखं आहे, ज्याने नुकसान केलं त्यानेच भरायचं, फक्त उशीर इतका की पैसे नातवाच्या हातात. (उशीर म्हणजे काय ते आपल्या कोयनेवाल्यांना विचारा.)

पैसा कुठला? गांजाच्या कायदेशीर विक्रीवरचा टॅक्स! 2019 मध्ये ठरलं की दहा वर्षांत त्यातले 1 कोटी डॉलर यासाठी. गांजाच्या केसमध्ये लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त ब्लॅक लोकच पकडले जायचे, म्हणून तोच टॅक्स. पण तेव्हा गावात दुकान एकच, पैसा येणार कसा. 2021 ला नगरपरिषदेत 8 विरुद्ध 1 मतांनी पहिले 4 लाख डॉलर मंजूर झाले, म्हणजे फक्त 16 जण, आणि पात्र ज्येष्ठ शंभरावर. मग 2022 मध्ये चक्क नंबरचे बॉल काढून सोडत! ऐंशीतली माणसं म्हाडाच्या लॉटरीसारखी नंबर लागायची वाट बघत होती, मला तर ते बघवलं नाही.

ते एक विरोधी मत कुणाचं, तर नगरसेविका सिसली फ्लेमिंग यांचं, त्या स्वतः ब्लॅक. त्यांचं म्हणणं, ही घरयोजना आहे, भरपाई नाही, कारण पैसा घर घ्यायला, दुरुस्तीला किंवा कर्ज फेडायलाच आणि तोही परस्पर बँकेला नाहीतर कॉन्ट्रॅक्टरला, म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याच्यावर विश्वासच नाही. मला हे शंभर टक्के पटतं, कोर्टाने अपघाताची भरपाई दिली तर तिचं काय करायचं ते कोर्ट सांगतं का? शेवटी 2023 ला रोख घ्यायची सोय झाली.

2024 मध्ये या योजनेविरुद्ध कोर्टात केस दाखल झाली. ज्यांचे आईवडील, आजीआजोबा त्याच काळात तिथे राहत होते पण ब्लॅक नव्हते, ते म्हणतात वंश बघून पैसे वाटणं घटनेत बसत नाही. त्यांचा एक मुद्दा हलका नाही, जुन्या रहिवाशांना आपल्यावर नेमका काय अन्याय झाला ते सिद्ध करावं लागत नाही, त्या काळात तिथे राहणं पुरतं. पण कर्ज नाकारल्याचा साठ वर्षांपूर्वीचा कागद कोण जपून ठेवणार?

आणि व्हॉट्सअॅपवर माणशी 50 लाख डॉलर भरपाईचा जो आकडा फिरतो तो सॅन फ्रान्सिस्कोचा, ती सल्लागार कमिटीची 2023 ची शिफारस होती, शहराने तेवढे कुणालाच दिलेले नाहीत.